सतरा नंबरचा पाना

"बावीस," फिटरकाका म्हणाले आणि ट्रेमधली हत्यारं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. पुन्हा बावीसच भरली. सकाळी मोजून घेतली तेव्हा तेवीस होती. सतरा नंबरचा पाना दिसत नव्हता.

जहाजाचं इंजिन तीन मजली उंच. त्याच्या तळाच्या पोटात, जिथे तो अजस्र दांडा फिरतो, तिथे शिरून काका सकाळपासून बेअरिंगचे बोल्ट आवळत होते. आता पोटाची लोखंडी दारं तेवढी लावायची राहिली होती. पण आत वीतभर लोखंड राहिलं, तर इंजिन सुरू होताच ते दांड्यात सापडणार आणि जहाज भर समुद्रात लुळं पडणार.

वरून कप्तानाचा फोन आला. जहाज बंदराबाहेर काढून देणारा पायलट येऊन बसला होता, दोर सोडायची वेळ झाली होती.

"अर्धा तास द्या," एवढं बोलून चीफ इंजिनियरसाहेबांनी फोन आपटला. "काका, तीस वर्षं झाली तुम्हाला या कामात, आणि आज पाना हरवता? ज्याच्यामुळे हरवलाय त्याचं नाव मी कंपनीला कळवणार. मग तो कोणी का असेना."

काका टोकाच्या दारातून आत शिरले.

थर्ड इंजिनियर बाहेरून बॅटरीचा झोत धरून उभा होता. काका गुडघ्यांवर सरकत एकेक कोपरा तळव्याने चाचपत होते. वरून कोमट तेल ठिबकत होतं.

"नीट बघा हो!" चीफ ओरडले.

"डोळ्यांत तेल घालून बघतोय, साहेब," आतून आवाज आला. "घालावंही लागत नाही, वरूनच पडतंय."

भोवती उभ्या असलेल्या खलाशांपैकी कोणी हसलं नाही.

थोड्या वेळाने काका बाहेर आले, घोटभर पाणी प्यायले आणि मधल्या दारातून पुन्हा आत गेले. साठीला टेकलेला माणूस.

थर्डने रुमालासाठी मांडीवरच्या खिशात हात घातला आणि बोटांना लोखंड लागलं.

सतरा नंबरचा पाना. सकाळी वरच्या मजल्यावर पाण्याच्या पाइपाचा नट आवळायला त्यानेच हा पाना ट्रेमधून उचलला होता. काका तेव्हा आत होते. दोन मिनिटांत आणून ठेवू, त्यात काय सांगायचं, असं त्याला वाटलं होतं. मग दुसरं काम निघालं आणि तो साफ विसरला.

सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलंही. पण त्याच्या बढतीचं पत्र चीफच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं, आणि घरी बायकोने ही बातमी माहेरी-सासरी सगळीकडे कळवूनही टाकली होती. तो टोकाच्या दाराशी गेला, सगळ्यांकडे पाठ केली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"सापडला!"

चीफच्या जिवात जीव आला. पाठोपाठ राग आला.

"काका, हे दार तर तुम्ही सगळ्यात आधी तपासलंत! दिसत नसेल तर तसं सांगा. या वयात घरी बसून नातवंडं खेळवावीत, माणसांच्या जिवाशी खेळू नये."

काका बाहेर येऊन उभे होते. दाढीवरून तेल निथळत होतं. सगळ्यांसमोर त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"चुकलं असेल, साहेब."

त्यांनी थर्डच्या हातून पाना घेतला आणि सवयीने त्यावर फडकं फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं. फडकं उलटून पाहिलं. ते स्वच्छ होतं.

"चला, लावा दारं," चीफ म्हणाले.

"नको, साहेब."

"आता आणखी काय?"

"हा आतला नाही. आतून निघालेली वस्तू तेलाने थबथबलेली असते. हा कोरडा ठणठणीत आहे. हा दुसराच कुठला तरी पाना असणार. आपला अजून आतच आहे."

फोन पुन्हा वाजायला लागला. चीफने तो उचलला नाही.

काकांनी थर्डकडे पाहिलं नाही. दाराच्या कडेवर दोन्ही हात टेकले, 'हुं' केलं आणि एक पाय आत टाकला. बाहेरच्या पायाचा गुडघा लटलट कापत होता. त्यांनी तोही उचलला.

"काका, जाऊ नका." थर्ड पुढे झाला. "आत काही नाही. पाना माझ्या खिशात होता. सकाळपासून."

फोन वाजून वाजून थांबला.

काका सावकाश बाहेर आले. पाना त्यांनी ट्रेमध्ये ठेवला आणि चीफकडे वळून म्हणाले,

"आता दारं लावायला हरकत नाही, साहेब."