काजळाची मिशी

हिंदी मुलखातल्या निशातगंजच्या एका शाळेत आसामातून आलेल्या, कचरा वेचणाऱ्या कुटुंबांची पोरं शिकायची. ‘बांगलादेशी’ शोधायला पोलीस कधी वर्गात शिरतील, याचा नेम नव्हता. म्हणून तिथे फुकट गणित शिकवणाऱ्या चंद्रहासकाकांनी, म्हणजे रेल्वेच्या एका निवृत्त मराठी इंजिनियरने, आठवडाभर तालीम घेतली. काजळाची मिशी रंगवून ते स्वतःच शिपाई व्हायचे आणि दरडावायचे. पोरांनी न घाबरता एकच उत्तर द्यायचं.

शुक्रवारी खरा शिपाई आला. त्याची मिशी काकांच्या मिशीपुढे अगदीच किरकोळ निघाली, त्यामुळे कोणी घाबरलंच नाही. दहा वर्षांची जहानआरा उठून म्हणाली, "अंकल, पहले लिखित आदेश दिखाइए और बड़ी मैडम को बुलाइए. तब तक हम काग़ज़ नहीं दिखाएँगे."

आदेश काही त्याच्याकडे नव्हता. तो वळला तसं काकांना राहवेना. त्यांनी तिथूनच बायकोला फोन लावला. "अगं हेमा, पोरांनी नाक राखलं बघ माझं."

शिपाई दारातून परत आला. "चचा, ये कौन-सी बोली है? कहाँ से आए हैं आप? काग़ज़ दिखाइए."

काकांनी मुकाट्याने आधार कार्ड काढलं, पॅन कार्ड काढलं, पेन्शनरचं ओळखपत्रही काढलं. वर विचारलं, "ज़ेरॉक्स भी दूँ?"



जहानआराने तिन्ही कार्डं उचलून काकांच्या खिशात परत कोंबली. "सर, आप तो फ़ेल हो गए. कल से मूँछ मैं लगाऊँगी."