माहेरचं मयत

मढं काही केल्या सापडत नव्हतं. वास मात्र वाडीभर होता, आणि सगळ्यांत जास्त मारुतीच्या देवळात, जिथं संध्याकाळी राधाकृष्णबुवांचं कीर्तन व्हायचं होतं.

पोलीस पाटील मच्छिंद्रनं दोनदा माणसं मोजली. पहिल्यांदा सगळी भरली. दुसऱ्यांदा एक जास्त भरला. ते बुवा निघाले. तरी त्यानं बेवारस मयताची वर्दी लिहून सायकलवरनं मिरजगावच्या पोलीस चौकीला धाडली. तारीख घातली, एकाहत्तर साल, वैशाख. मग देवळाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "मढं शिवंबाहीर गेल्याबिगर चूल न्हाई, पूजा न्हाई, कीर्तन न्हाई."

सगळ्यांत पुढं, दुपारपासून पोतं अंथरून जागा धरलेली राहीबाई ताडकन उठली. बुवांसाठी तिनं नऊ वर्षं वाट पाहिली होती. बुवांना शंभर गावांची बोलावणी. एकदा गेलेल्या गावात ते पुन्हा फिरकत नसत. फक्त कुणाच्या घरी मयत झालं आणि दहाव्याला बोलावलं, तर त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. उद्या सकाळच्या एस.टी.नं ते निघणार होते.

"मीच हुडकते मेल्याला," म्हणत ती नाकाला पदर लावून देवळामागच्या काट्यांत शिरली.

तिथं माश्या घोंगावत होत्या. मधोमध, थेट मातीतून वर आलेलं, परातीएवढं, जांभळट तांबडं, चुण्याचुण्यांचं फूल. पान एकही नाही. राहीबाई हसायलाच लागली.

"आरं, रानसुरण हाय ह्यो! आमच्या म्हायेरी, घाटाकडल्या अकोल्यात, डोंगराच्या उताराला, सावलीत, पाचोळ्यात उगवतोय. आदी फूल, मग पान. फुलला की दीस-दोन दीस असाच कुजका वास. लगीन झालं तवा मी गड्डा आनल्ता. घसा खाजतो म्हनून सासूनं हितं फेकला."

मच्छिंद्रनं मान हलवली. "फुलाला कुटं असा वास असतो व्हय? फुलाखाली मढं असंल."

खणलं. माणसाच्या डोक्याएवढा गड्डा निघाला. मच्छिंद्रनं सवयीनं टोपी काढली.

"बगितलंस? आता तरी हू दे बाबा कीर्तन," राहीबाई म्हणाली.

"कसं हू दिऊ, आजी? वर्दी गेली. कागदावर मयत हाय. अन् वारस न्हाई, तर उचलायचं कुनी?"

राहीबाईनं बुवांकडं पाहिलं. ते टाळ पिशवीत घालत होते. तिनं डोक्यावर पदर घेतला, खाली बसली, फुलाला मिठी मारली आणि गळा काढला, "माज्या म्हायेरच्या मानसा, चाळीस वर्सं बेवारशी पडलावतास रं!" हात सणसणून खाजत होते, पण तिनं सोडलं नाही.

वारस मिळाला. मच्छिंद्रला हायसं वाटलं. तिरडी बांधली, चौघांनी फुलाला खांदा दिला. माश्याही शिवेपर्यंत पोचवायला गेल्या. गाव अंघोळी करून परतलं आणि दिवेलागणीला मृदंगावर थाप पडली. बुवांनी निरूपणही तेच घेतलं: देह जातो, कंद राहतो. काय तो आवाज! राहीबाईचे डोळे शेवटपर्यंत वाहत होते.

सकाळी एस.टी.पाशी तिनं बुवांचे पाय धरले. "दहाव्याला यायचं बरं का, बुवा."

"माउली, फुलाचा दहावा?"

"माज्या घरचं मयत हाय. सरकारी कागदावर हाय."

बुवांना नाही म्हणता आलं नाही. दहाव्याला आले, दोन तास उभे राहिले, गाव पुन्हा तृप्त झालं. जेवणानंतर हात धुवायला ते राहीबाईच्या परसात गेले. तिथं एक ताजं आळं होतं, पाणी घातलेलं, शेणखत टाकलेलं.

"हे काय लावलंत, माउली?"

"तुमीच म्हनलावता न्हवं, कंद ऱ्हातो?" राहीबाई तांब्या पुढं करत म्हणाली. "पुढल्या वैशाखात पुन्यांदा मरंल. येताल ना?"