खांबेट्यांचं सेटिंग

“लग्नानंतर तनुजानं नोकरी करायचा प्रश्नच येत नाही,” ऋषीचे वडील वड्याला चटणी लावत म्हणाले, आणि खांबेटे गप्प बसले.

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या घरच्या हॉलमध्ये असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. खांबेट्यांचं सगळं आयुष्य रिलेमध्ये गेलेलं. रिले म्हणजे विजेच्या लाइनवरचा पहारेकरी. बिघाड दिसला की लाइन तोडायचा हुकूम द्यायचा, एवढंच त्याचं काम. तो कधी आणि किती थांबून द्यायचा, हे त्याच्या सेटिंगवर ठरतं. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवल्यापासून खांबेटे इंजिनिअरिंगच्या मुलांना हेच शिकवत आणि वाईट रिलेचं उदाहरण म्हणून स्वतःलाच पुढे करत. “माझ्यासारखा रिले बसवू नका. शेजारच्या गल्लीत फटाका वाजला तरी मी आमच्या घरात अंधार करतो.” मुलं हसत. सर विनोद करतात, असं त्यांना वाटे.

त्यांच्या मुलीचं, तनुजाचं, आधीचं एक स्थळ याच हॉलमध्ये मोडलं होतं. मुलाचे मामा बोलता बोलता म्हणाले, फ्यूज काय आणि ब्रेकर काय, एकच. खांबेट्यांनी त्यांना चहा गार होईपर्यंत फरक समजावला. मामा पुन्हा आले नाहीत. मुलगाही आला नाही.

म्हणून या वेळी विजयमालाबाईंनी नवऱ्याला त्याच्याच भाषेत बजावलं होतं. वर्गात काय शिकवता तुम्ही? बिघाडाच्या सगळ्यांत जवळचा रिले आधी बोलतो. मागच्या रिलेला तोच बिघाड दिसत असतो, पण तो थांबतो. पुढच्यानं काहीच केलं नाही तरच तोंड उघडतो. तर आज तुम्ही मागचे. बायकोला आपला विषय इतका नीट कळतो, याचा खांबेट्यांना एवढा आनंद झाला, की आपल्याला गप्प बसवलं जातंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

आता बिघाड समोर बसून वडा खात होता. ऋषी न्यू जर्सीहून सुट्टीवर आला होता. त्याच्या व्हिसावर बायकोला तिकडे नोकरी करता येत नाही, हे त्याच्या वडिलांनी समजावून सांगितलं. पुढेमागे करता आली तरी आमच्याकडे ती पद्धत नाही, हेही सांगितलं. यातलं काहीच आधी बोलणं झालेलं नव्हतं. तनुजा हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. गेल्याच महिन्यात तिला स्वतःची टीम मिळाली होती. ती बातमी सांगायला कंपनीच्या बसमधून उतरून ती टिळक रस्त्यावरून अक्षरशः धावत घरी आली होती.

खांबेट्यांनी बायकोकडे पाहिलं. विजयमालाबाई कपातली साखर ढवळत होत्या. त्या चहात साखर घेत नाहीत. मग खांबेट्यांनी तनुजाकडे पाहिलं. ती ओढणीच्या टोकाला पीळ देत होती.

खांबेटे थांबले. थांबता थांबता त्यांना स्वतःचं कौतुकही वाटलं. उतारवयात का होईना, सेटिंग सुधारलं बुवा एकदाचं. ऋषीच्या वडिलांनी ही शांतता होकारात धरली आणि कार्यालयं आतापासूनच भरत आलीत असं म्हणाले. खांबेटे थांबले. ऋषी म्हणाला, तिकडे घरी बसून वेळ छान जातो, लायब्ररीज खूप मोठ्या आहेत. खांबेट्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि थांबले. ऋषीच्या वडिलांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला, दोरा सोडला. आता विजयमाला बोलेल, खांबेटे मनात म्हणाले. आता बोलेलच.

पुड्यावर एक हात आला. तो ऋषीच्या आईचा होता. आल्यापासून त्या फक्त पाणी मागण्यापुरतं बोलल्या होत्या.

“मी बँकेतली नोकरी सोडली, तेव्हा माझ्या माहेरचेही असेच चहा ढवळत बसले होते,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मुलगी मला आवडली आहे. म्हणूनच सांगते, उठा. हे लग्न होणार नाही.”

ऋषी काहीतरी म्हणायला गेला, तोवर त्या चपला घालत होत्या. वडील आणि मुलगा एकमेकांकडे बघत त्यांच्यामागून जिना उतरले. पेढे टेबलावरच राहिले.

तनुजाला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. बाबा आता उसळतील, मग उसळतील, म्हणून आपण थांबलो होतो, असं ती म्हणाली. आजवर एकदाही न उसळता राहिले नाहीत, नेमके आजच कसे? विजयमालाबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचाही हिशेब तयार होता. नोकरी तनूची, आयुष्य तनूचं, म्हणजे सगळ्यांत जवळची तीच. ती आधी बोलेल, म्हणून त्या थांबल्या होत्या. खांबेट्यांना फार लाज वाटली. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी एक व्याख्या शिकवली. परीक्षेला येत नाही म्हणून ते ती दरवर्षी गाळत. या टोकाचे सगळे रिले गप्प राहिले, तर लाइनच्या पलीकडच्या टोकाचा रिले उशिरा का होईना, जागा होतो आणि लाइन तोडतो. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “पण सर, या टोकाचे सगळेच्या सगळे गप्प राहतील, असं प्रत्यक्षात कधी होतं का?”

“होतं ना,” खांबेटे म्हणाले. “फक्त या टोकाला एखादा तज्ज्ञ बसलेला असावा लागतो.”