घुटीची सहाण

"चूक कुणाचीच नाही," डॉक्टर सासूसुनेला म्हणाले. "बाळाच्या हृदयातच जन्मापासून दोष होता. अशा अचानक झालेल्या बालमृत्यूंच्या तपासाला सरकारनं यंदा निधी दिला, म्हणून शवविच्छेदनावेळी जपून ठेवलेला नमुना तपासता आला."

सुनेचा जीव भांड्यात पडला. दुपारच्या झोपेत तिच्याच अंगाखाली बाळ गुदमरलं, असं गाव दोन वर्षं म्हणत होतं. सासूला मात्र ते आपल्या घुटीनं गेलं असं वाटत होतं. त्या सकाळी सून धुणं धुवायला गेल्यावर, डॉक्टरांनी नको म्हटलेली घुटी तिनंच उगाळून बाळाला पाजली होती. बाळ गेल्यावर घुटीची सहाण तिनं लाकडांमागे दडवली होती.

आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. घरी येताच तिनं लाकडं उपसली. सहाण तिथं नव्हती.

"आत्याबाई, ती माझ्या ट्रंकेत आहे," सून मागून म्हणाली. "पोलीस यायच्या आधीच उचलली. बाळाच्या तोंडाला घुटीतल्या वेखंडाचा वास येत होता."

सासू वळली. "एवढे दिवस ठाऊक होतं तुला? मग बोलली का नाहीस?"

"बाळ गेलंच होतं. तुम्ही तरी हव्या होतात मला."