अण्णांची खूण

पडद्यावर मृदुलाचे कर्णबधिर वडील हातांनी सांगत होते, ‘सगळे सुखी राहा.’ ज्या ऑपरेशनमधून ते परतले नाहीत, त्याला जाण्यापूर्वीचा तो त्यांचा शेवटचा व्हिडिओ होता आणि त्याची फाइल बरीच खराब झाली होती.

“बघा, किती स्वच्छ दिसतंय,” कॉम्प्युटरच्या दुकानातला परेश म्हणाला. “हल्लीची ग्राफिक्स कार्डं तुटलेला भाग अंदाजाने भरून काढतात.”

“अण्णा असं कधीच म्हणायचे नाहीत. आमच्या घरातल्या खुणा कार्डाला कशा कळणार? कार्डाचा डिकोडर, तो व्हिडिओ उलगडणारा भाग, बंद करा आणि साध्या प्रोसेसरवर चालवा,” मृदुला म्हणाली.

“ताई, मग गोगलगायही पुढे जाईल. आणि जे गेलंय तिथे नुसते काळे चौकोन दिसतील.”

“दिसू देत.”

परेशने पर्याय बदलला. चित्र अडखळत पुढे सरकू लागलं. अण्णांचा अर्धा चेहरा काळा झाला. मग त्यांचा हात वर आला आणि त्यांनी दोन बोटांनी स्वतःची हनुवटी चिमटली. मृदुलाला हाक मारायची त्यांची हीच खूण होती. त्यानंतर सगळा पडदा काळा झाला.

“पुढचं तेवढं कार्डाकडून भरून घेऊ?” परेशने हळूच विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “त्यांनी मला हाक मारली, एवढं कळलं. हेच सेव्ह करा.”