गाडी थांबेना

ड्रायव्हरशिवाय धावणारी ही गाडी सगळं टीममधल्या एका लेकुरवाळीकडूनच शिकली होती. कित्येक महिने ती गाडी चालवायची आणि तिचं बघून, तिचं ऐकून गाडी शहाणी व्हायची. आज मोठे साहेब मागच्या सीटवर एकटेच बसून गाडीची परीक्षा घेणार होते. बटण दाबून थांबवावी लागली, तर गाडी नापास आणि अख्खी टीम घरी.

गाडी निघाली ती झोकात. आडव्या आलेल्या कुत्र्याला तिने वाट दिली, गतिरोधकावरून गेली तेव्हा साहेबांच्या पोटातलं पाणीही हललं नाही. ऑफिसच्या फाटकाशी थांबायचं होतं, तिथे मात्र जराशी हळू झाली आणि न थांबताच पुढे निघून गेली. गोल फिरून आली, पुन्हा तेच! गुच्छ घेऊन उभी असलेली मंडळी नुसत्या माना वळवत राहिली.

"अगं, हिला थांबायला शिकवलंयस ना?" टीमच्या मॅडम रडवेल्या झाल्या होत्या.

"शिकवलंय हो! पण ऐकेल तर शपथ!"

तिने घाईघाईने स्क्रीनवर गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्र पाहिलं. साहेब मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपले होते. तिने माइक ओढला.

"अगं बये, थांबत का नाहीस?"

स्पीकरमधून गाडी तिच्याच सुरात कुजबुजली,

"शूऽऽ! बाळ आत्ताच झोपलंय. थांबले की उठतं. अजून एक चक्कर मारून येते."