जंताची गोळी

दोन वर्षं मोनाली रोज एक गोळी घेत होती. सासू साखरबाई विचारायची तेव्हा ती सांगायची, "जंताची हाय, आत्या." एचआयव्हीचं नाव घरात काढायचं नाही, अशी नवऱ्यानं शपथच घातली होती; म्हणून बाटलीवरचं लेबलही तिनं नखानं खरवडलं होतं. औषध नेमानं घेऊनही रक्तातल्या लढणाऱ्या पेशी वाढेनात, तेव्हा दौंडच्या डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या. आज रिपोर्ट घ्यायला सासूही हट्टानं सोबत आली. डॉक्टर समजूतदार माणूस. सासूदेखत त्यांनी मुद्दाम निम्मंच सांगितलं, "पोटात जंत झालेत, तेच अंग धरू देत नाहीत. ही एकच गोळी चावून खा, जंत संपले!" मोनालीनं गोळी तिथंच चावून खाल्ली. एसटी स्टँडवर साखरबाईंनी सुनेच्या पिशवीतली बाटली काढून खुळखुळवली. "एका गोळीत जंत जात्यात, मग दोन वरसं ही कशाची गं?"